मेश्रामबाई आणि बसून वाजवणारा माणूस

परवा एका लग्नाला गेले होते. बालाघाटच्या बाहेर हल्ली लग्नाची लॉनं झाली आहेत, त्यातलंच एक. फाटकाशी चार ढोलवाले उभे होते. मे महिन्यातली दुपार, डोक्यावर भरजरी फेटे, आणि घाम पार गळ्यापर्यंत उतरलेला. पाहुणा आला की वाजवायचं, तो आत गेला की थांबायचं, पण उभंच राहायचं. मी लॉनच्या मॅनेजरला म्हटलं, आत खुर्च्यांची रास पडली आहे, त्यातल्या चार इकडे आणवा. तो इतक्या अदबीनं हसला की वाटलं, आता आणवतोच. म्हणाला, "मैडम, ये लोग खड़े-खड़े ही बजाते हैं."

जेवण न करता घरी आले. घरचे म्हणाले, वय झालं तसा राग वाढला. वयाचा काही संबंध नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ऐन पंचविशीत होते आणि माझ्या शेजारी मेश्रामबाई उभ्या होत्या. राग म्हणजे काय आणि तो कुठे कसा वापरायचा, हे मी त्यांच्याकडून शिकले. माझा नुसता धूर होतो. त्यांच्या रागावर भात शिजायचा.

भरवेलीच्या खाण वसाहतीतल्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या, मी गणित. मी बालाघाटहून सायकलवर यायची आणि शाळेत पोचेपर्यंत साडीच्या काठाला मँगनीजची काळी धूळ लागलेली असायची. मेश्रामबाई तिथेच क्वार्टरमध्ये राहायच्या, तरी त्यांची पांढरी खळ दिलेली साडी संध्याकाळपर्यंत पांढरीच असायची. हे कसं, ते मला कधी कळलं नाही. बुटक्या, सावळ्या, जाड काड्यांचा चष्मा. त्या कधी ओरडत नसत. राग आला की चष्मा काढायचा, पदरानं पुसायचा, आणि समोरच्याकडे तसंच बघत राहायचं. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा नीट दिसतही नसेल, पण हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळे चष्मा उतरला की गप्प व्हायचे.

त्यांचा एक ठरलेला शब्द होता, "कोन म्हनते?" पावसानं शाळेला सुट्टी असं कुणी म्हटलं, कोन म्हनते? अमुक बाई सासरी नांदत नाही, कोन म्हनते? पुस्तकात छापलंय म्हटलं तरी, छापलं तं छापलं, पण कोन म्हनते? त्या मला नावानं कधी हाक मारत नसत. "ए गणितवाली," म्हणायच्या. मला ते आवडायचं.

ही खाण आधी गोऱ्यांची होती. ती सरकारकडे जायची झाली तसे बंगले रिकामे होऊ लागले, आणि साहेब लोकांचं सामान घ्यायला अर्धं बालाघाट लोटलं. कुणी पलंग नेला, कुणी बशा, कुणी कुत्र्याची साखळी. मेश्रामबाई गेल्या त्या शाळेसाठी जुने नकाशे मागायला. एक म्हातारा इंजिनियर होता, त्यानं नकाशे दिले आणि विचारलं, तुम्ही काय शिकवता? भूगोल म्हटल्यावर तो हसला. बालाघाटला येण्याआधी तो त्रिनिदाद नावाच्या बेटावर तेलाच्या विहिरींवर होता, आणि त्याही आधी मेक्सिकोत चांदीच्या खाणीत. त्यानं बाईंना बसवलं, चावीचा ग्रामोफोन लावला, आणि मोडक्या हिंदीत दुपारभर दोन्ही मुलखांची गाणी समजावून सांगितली. निघताना ग्रामोफोन आणि तबकड्यांची पेटी बाईंना देऊन टाकली. तबकड्या त्याच्या बायकोच्या होत्या, ती इथेच वारली होती, आणि कबाड्याच्या हाती त्या जाऊ नयेत एवढंच त्याचं म्हणणं होतं.

झालं. त्या दिवसापासून भूगोलाच्या तासाला ग्रामोफोन. पोरांनी नकाशावरच्या तिळाएवढ्या त्रिनिदादवर बोट ठेवायचं आणि बाईंनी चावी फिरवायची. त्या बेटावर आफ्रिकेतून माणसं धरून आणली, उसाच्या शेतात जुंपली. पुढे आपल्याकडचीही माणसं बोटी भरभरून नेली. ती राबून आली की ढोल वाजवायची. मालकांना भीती वाटली, ही माणसं ढोलावरून एकमेकांना काहीतरी सांगतात. म्हणून ढोलांवर बंदी घातली. मग लोकांनी काय केलं? बांबू कापले आणि जमिनीवर आपटून ताल धरला. बांबूलाही हरकत घेतली, तर बिस्किटांचे डबे बडवले, तेलाची पिंपं बडवली, पिंपाच्या बुडाला ठोकून ठोकून त्यातून सूर काढले. आणि मालकाच्या तोंडावर, हसत हसत, त्याच्याच फजितीची गाणी म्हटली. मेक्सिकोची तऱ्हा निराळी. तिथली गाणी म्हणजे बातमी. कोण लढला, कोणी दगा दिला, कुणाला कुठे गोळी घातली, हे सगळं गिटारीवर म्हणत गावोगाव जायचं. वर्तमानपत्रवाले लिहोत न लिहोत.

हे सांगताना बाईंचा आवाज खाली खाली जायचा आणि वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. एकदा आमच्या इतिहासाच्या गुरुजींनी दारातून डोकावून विचारलं, "काय मेश्रामबाई, इंग्लिश गाणे चालू आहेत वाटतं?" बाईंनी सुई उचलली. चष्मा पुसला. म्हणाल्या, "गुरुजी, हे इंग्लिश नोहे. हे इंग्लिशले शिव्या आहेत. तुमाले शिव्या कोन देते अन् गानं कोन गाते, एवढं तं कळाले पाह्यजे." गुरुजी पुढे महिनाभर त्या दारावरून गेले नाहीत.

बाईंच्या घरी त्या आणि त्यांचे वडील, दोघंच. संपतबाबा. खैरलांजीकडच्या एका गावातले. पंचक्रोशीत त्यांच्यासारखं डफडं वाजवणारा नव्हता असं मी माझ्या आजोबांकडून ऐकलं होतं, कारण माझ्या माहेरच्या कितीतरी लग्नांत तेच वाजवायला आले होते. मांडवाच्या बाहेर. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग मी पण आली असन. मी बाबाच्या मागं काड्या धरून राहो. बाबा वाजवे अन् सारं गाव नाचे. पंगत उठली का बाबानं धोतर पसरायचं अन् त्याच्यात वरून टाकायचं. उकिरड्यापाशी बसून खायचं. पोट भरलं असन माह्यं, पण ते अजून खाली नाई उतरलं."

छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली. गावातली मंडळी परत आली ती ठरवूनच, आता मेलेलं ढोर ओढायचं नाही आणि कुणाच्या दारात डफडं वाजवायचं नाही. संपतबाबांनीही मान डोलावली. पण डफडं खुंटीवरच राहिलं. आठ-पंधरा दिवस बाईंनी वाट पाहिली, मग स्वतःच ते उचललं आणि वैनगंगेत सोडून दिलं. बाप काठावर उभा होता. बाई सांगायच्या, त्या दिवशी मी पहिल्यांदा पोट भरून जेवली.

आता मजा ऐका. वसाहतीत एका फिटरच्या मुलीचं लग्न होतं. बँडवाला आला नाही, म्हणून फिटर बाईंचा ग्रामोफोन मागून घेऊन गेला. पोरांनी पेटीतली एक मेक्सिकोची तबकडी काढली, गिटारी खणखणीत, ठेका असा की बसलेला उठावा, आणि नवरदेवासमोर धुमाकूळ सुरू. बाई पोचल्या आणि त्यांनी थेट सुई उचलली. सगळे जागच्या जागी, हात वर केलेले. बाई म्हणाल्या, "हे मयताचं गानं आहे!" इंजिनियरच्या खानसाम्यानं त्यांना सांगितलं होतं की मेमसाहेब गेल्याच्या तिथीला साहेब दरसाल हीच तबकडी लावायचा आणि त्या दिवशी जेवत नसे. झालं, वरमाई रडायला लागली, फिटर हात जोडू लागला, नवरदेवाच्या मामानं शकुन-अपशकुन काढला.

संपतबाबा कोपऱ्यात पाटावर बसले होते. त्यांनी लेकीला हाक मारली.

"का वं सुमे, मयताले कोन वाजवे?"

"तूच वाजवे."

"अन् लग्नाले?"

"तूच."

"मंग? मानूस तोच, हात तोच. नाचू दे वं पोरायले. मेलेल्या मानसाले वाईट नाई वाटत."

बाईंनी सुई परत ठेवली. बाईंनी मागे घेतलेला असा हा एकच हुकूम मी पाहिला, आणि तो त्यांनी फक्त बापापुढे घेतला.

पण त्याच बापाशी त्यांचं भांडण जुंपायचं होतं. शाळेची नवी इमारत झाली. उद्घाटनाला भोपाळहून मोठे साहेब येणार. हेडमास्तरांना कुणीतरी सुचवलं की लोककला दाखवा, साहेबांना आवडते. हेडमास्तर बाईंकडे आले. "मेश्राम मैडम, आपके पिताजी डफड़ा बजाएँगे तो बढ़िया रहेगा. ये तो आपकी ही कला का सम्मान है." बाईंनी चष्मा काढलासुद्धा नाही, नुसतं 'नाही' म्हटलं आणि वर्गावर गेल्या. तो माणूस तेवढ्यावर थांबता तर मी त्याला आजही नावं ठेवली नसती. पण तो दुपारी, बाईंचा तास चालू असताना, त्यांच्या क्वार्टरवर गेला. म्हाताऱ्याला एकटं गाठून विचारलं. आणि म्हातारा हो म्हणाला!

संध्याकाळी मी तिथे होते. बाईंनी चहा ठेवला होता, तो उतू गेला तरी कुणी उठलं नाही.

"बा, तू त्याइच्या दारात वाजवशीन? पुन्हा?"

"दारात नाई, शाळेत."

"शाळेच्या दारातच उभा करतीन तुले! मले मालूम नाई का? म्या ते डफडं कायले बुडवलं मंग?"

संपतबाबा कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशीही नाही. आपले दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "डफडं बुडवलं तू. हात थोडी बुडले, बाई. हे रोज वाजून राह्यले. खाटेवर वाजते, ताटावर वाजते, झोपलो तं छातीवर वाजते. कुटी टाकू यायले?"

मला वाटलं, आता बाई चष्मा काढतील. त्यांनी काढला, पण पुसला नाही. मग उठून त्यांनी ग्रामोफोनची चावी फिरवली आणि त्रिनिदादची तबकडी लावली, डबे-पिंपांची. कोणी म्हणेल, ही काय वेळ गाणं ऐकायची? पण त्यांच्याकडे बापाला सांगायला दुसरे शब्द नव्हते. त्या एवढंच म्हणाल्या, "यायचा ढोल हिसकला म्हनून यायनं डबे वाजवले. आपल्या गळ्यात ढोल अडकवला म्हनून आपुन तो फेकला. आता तूच सांग, काय करू."

बाबा डोळे मिटून ऐकत राहिले. तबकडी संपली तेव्हा म्हणाले, पुन्हा लाव. मग म्हणाले, "हा बुवा बसून वाजवून राह्यला."

"कशावरून?"

"उभ्या मानसाचा हात असा नाई पडत. गळ्यात वजन असलं का दम अर्धा तिकडंच जाते. हा खुशाल बसला आहे. मी जलमभर वाजवलं, सुमे, पन बसून कधी नाई वाजवलं. कोनी बस नाई म्हटलं."

ते बरोबर होतं की नाही, देव जाणे. तबकडीतला माणूस बसला होता की उभा होता हे मला आजही सांगता येणार नाही. पण बाईंचं उत्तर त्यात होतं. दुसऱ्या दिवशी त्या हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या आणि अट घातली. माझे वडील वाजवतील. डफडं नाही, टिन वाजवतील. स्टेजवर, खुर्चीवर बसून. आणि नाव पुकारून. हेडमास्तर म्हणाले, हाँ हाँ, बिल्कुल.

पुढचे दिवस संपतबाबांनी काय केलं ते बघायला आख्खी वसाहत यायची. घासलेटचं एक मोठं टिन घेतलं, फिटरकडून हातोडी आणली, आणि उपडं टिन मांडीशी धरून बुडाला ठोकत बसले. इकडे खोल, तिकडे उथळ. ठोकायचं, बोटानं वाजवून बघायचं, मान हलवायची, परत ठोकायचं. शेवटी त्या टिनाला दोन आवाज आले, एक जाड, एक बारीक. म्हातारा लहान पोरासारखा हसला. बाई कौतुक करायचं सोडून रागावल्या, "एवढं मोठं डोकं, अन् यायनं उकिरड्यापाशी बसवलं!"

उद्घाटनाचा दिवस. बाई आत मुलींच्या स्वागतगीताच्या गडबडीत, मी रांगोळीवर. फाटकाकडून पोरं पळत आली, म्हणाली, बाबाजी तर बाहेर उभे आहेत. जाऊन बघते तो संपतबाबा फाटकाबाहेर उन्हात उभे, डोक्यावर भाड्याचा फेटा, आणि गळ्यात नवं कोरं डफडं. त्यांचं टिन भिंतीशी भिरकावलेलं. 'ये क्या कबाड़ है' म्हणून हेडमास्तरांनीच ते तिथं टाकलं होतं. मी विचारलं, बाबा, हे काय? ते म्हणाले, "वाजव म्हनते. मी म्हटलं, पोरगी येऊ द्या." काड्या त्यांच्या हातात होत्या आणि हात खाली सोडलेले. ज्या माणसाचे हात झोपेतही वाजायचे, तो वाद्य गळ्यात असून गप्प उभा होता. हे आठवलं की माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो.

मी बाईंना बोलावून आणलं. त्या आल्या त्या स्टेजवरची हातांची खुर्ची ओढतच. दुसरा हात मी धरला. हेडमास्तर धावत आले आणि तेच म्हणाले, "मैडम, क्या कर रही हैं? ये लोग तो खड़े-खड़े ही बजाते हैं."

बाईंनी चष्मा काढला. सावकाश पुसला.

"कोन म्हनते?"

मग त्यांनी बापाच्या गळ्यातलं डफडं उतरवलं. मला वाटलं, हेही आता नदीत जातं. पण त्यांनी ते हेडमास्तरांच्या हातात दिलं, देव्हाऱ्यातली मूर्ती द्यावी तसं, दोन्ही हातांनी, आणि त्यांनीही गोंधळून ते धरलं. खुर्ची फाटकाच्या ऐन मध्यात ठेवली. बापाचा हात धरून त्याला बसवलं. टिन उचलून पदरानं पुसलं आणि त्याच्या मांडीवर दिलं.

"वाजव आता, बा."

तेवढ्यात साहेबांची जीप वळणावर आली. फाटकात खुर्ची, म्हणून जीपला थांबावंच लागलं. साहेब उतरले. समोर हेडमास्तर, हातात हाराऐवजी डफडं. साहेबांनी मोठ्या कौतुकानं विचारलं, "अच्छा, आप भी बजाते हैं?" पोरांत एकदम हशा पिकला. आणि संपतबाबांनी टिनावर पहिली काडी मारली.

मला संगीतातलं काही कळत नाही. एवढं सांगते, ते ना डफडं होतं ना त्रिनिदाद. त्यात लग्न होतं, मयत होतं, आणि मध्येच हसू होतं. साहेब उभे, हेडमास्तर उभे, गावचे शेठ-सावकार उन्हात उभे, आणि एक म्हातारा खुर्चीत बसून, डोळे मिटून, आपल्या मनाला येईल तेवढा वेळ वाजवत होता. कुणाची थांब म्हणायची छाती झाली नाही. बाई बापामागे हात बांधून उभ्या होत्या. वाजवून झाल्यावर त्यांनीच मोठ्यानं नाव पुकारलं, "संपत डोमाजी मेश्राम!" ते स्टेजवरून कुणी पुकारणार नव्हतंच.

याचं बक्षीस काय मिळालं? साहेब खूश होऊन गेले आणि बाईंची बदली झाली. परसवाड्याच्याही पलीकडे, जंगलातल्या एका शाळेत, शिस्तभंगाचा शेरा मारून. गुन्हा काय, तर बापाला बसवलं. स्टाफरूममध्ये सगळे चहात बिस्किटं बुडवत होते आणि कुणी तोंडातून ब्र काढला नाही. मी बोलले. मला सांगितलं, तुम्ही नव्या आहात, गणित शिकवा.

ती खुर्ची मात्र फाटकाशीच राहिली. आत न्यायची तर बाईंना विचारावं लागेल, या भीतीनं शिपाई हात लावेना. दोन-चार दिवसांनी चौकीदार तिच्यावर बसू लागला. शाळा उघडल्यापासून तो उभाच होता.

बालाघाटच्या बसस्टँडवर मी त्यांना पोचवायला गेले. परसवाड्याची बस खचाखच भरलेली. टपावर ट्रंक चढली, ग्रामोफोन खाली पायाशी. एकच जागा मिळाली, खिडकीची. कंडक्टर संपतबाबांना म्हणाला, "ओ बाबा, पीछे नीचे बैठ जाओ, मैडम को बैठने दो." बाबा सवयीनं उठायलाही लागले. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली दाबलं आणि स्वतः मधल्या वाटेत दांडी धरून उभ्या राहिल्या. एक हात दांडीला होता, म्हणून चष्मा काढता येईना, पण आवाज अगदी खाली आला होता, आणि कंडक्टर गप्प झाला.

बस सुरू झाली तशा त्या बापावरून वाकून खिडकीतून मला म्हणाल्या, "ए गणितवाली, रडून नको राहू. चौकीदाराले सांग, ते खुर्ची अंदर नेऊ देजो नको."

मी हौ म्हटलं. बस हलली. बाबांनी हात बाहेर काढला, मला वाटलं निरोपाचा, पण तो हात बसच्या पत्र्यावर पडला आणि वाजायला लागला. बस वळणाआड गेली तरी पत्रा ऐकू येत होता, आणि त्याच्यावरून कंडक्टरला काहीतरी विचारणारा बाईंचा आवाज.